आधी दार उघडलं, मग पत्ता तपासला

ऐरोलीला दोन पोरं गाडीत चढली, गळ्यात कंपनीची आयकार्डं. रबाळे ते घणसोली त्यांचं बोलणं कानावर पडत होतं. "14 वॉर्निंग होत्या, सगळ्या घालवल्या." "कशा?" "अरे, व्हेरिएबलमध्ये झीरो भरला. टूल गप्प."

कोड तपासून 'या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या खणात, किंमत भरलेली नाही' अशी वॉर्निंग देणारं टूल गप्प झालं, चूक तिथेच राहिली. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, बरीचशी फंक्शन्स काम फत्ते झालं की 0 परत देतात आणि बिघडलं की ऋण आकडा. त्यामुळे वॉर्निंग मिटवायला तिथे 0 भरला, तर फसलेलं कामही 'फत्ते' म्हणून पुढे जाऊ शकतं.

प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून चुका हुडकणं म्हणजे स्टॅटिक अ‍ॅनालिसिस. कर्नलसाठी स्पार्स, स्मॅच अशी खास साधनं आहेत. स्पार्स तर खुद्द लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी 2003 मध्ये लिहायला घेतलं. स्मॅचची एक वॉर्निंग माझी विशेष लाडकी: 'पॉइंटर आधी वापरला, मग तपासला.'

पॉइंटर म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. समजा, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातून माल आणायचाय. पोऱ्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर गेला, दार उघडलं, माल उचलला आणि मग विचारतोय, "शेठ, चिठ्ठी कोरी तर नाही ना?" हसू येतं, पण 2009 मध्ये कर्नलच्या 'टन' या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच सापडलं. पहिल्या ओळीत पॉइंटरमधून सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) काढलेलं, पुढे 'पॉइंटर नल, म्हणजे चिठ्ठी कोरी, असेल तर परत फीर' अशी तपासणी.

आता कंपायलरचा, म्हणजे सोर्सचं मशीन कोड बनवणाऱ्या प्रोग्रामचा, तर्क बघा. सी भाषेच्या नियमानुसार नल पॉइंटर वापरणं हेच मुळात बेकायदा. मग प्रोग्रामरने तो वापरलाय, त्या अर्थी तो नल नसणारच. नसणारच, तर तपासणी कशाला? जीसीसी या कंपायलरने ती ओळ सरळ काढून टाकली! सोर्समध्ये तपासणी ठळक दिसतेय, तयार झालेल्या मशीन कोडमध्ये तिचा मागमूस नाही.

तरी नल वापरल्यावर कर्नल तिथेच आपटायला हवा होता. पण हल्लेखोराने शून्य पत्त्यावर आपलंच मेमरीचं पान बसवलं, तर वाचन बिनबोभाट पार पडतं. कर्नल त्याने पेरलेला माल खरा समजून पुढे जातो आणि साध्या युजरच्या हाती रूटचा, म्हणजे अख्ख्या यंत्राचा, ताबा जातो. पुढे कर्नलच्या बिल्डमध्ये, नलच्या तपासण्या उडवू नकोस, असं कंपायलरला बजावणारा पर्यायच घातला गेला.

मग प्रत्येक वॉर्निंग वेदवाक्य मानायची का? नाही. कुठलाही प्रोग्राम नुसता वाचून त्याच्या वागण्याबद्दल कायम अचूक निकाल देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञ हेन्री राइस यांनी 1953 मध्येच सिद्ध केलंय. त्यामुळे 'आमचं एआय सगळे बग पकडतं' ही जाहिरात आणि सर्व्हरच्या रॅकला टांगलेलं लिंबू-मिरची मी एकाच खणात ठेवतो. खोट्या वॉर्निंगांचा इतका वैताग झाला, की 'कदाचित किंमत न भरलेलं व्हेरिएबल' ही वॉर्निंग टॉरवाल्ड्सनी 2020 मध्ये कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमधून बंदच केली.

'टन'मध्ये मात्र वॉर्निंग गप्प करायला तपासणी खोडली असती, तर भोक कायमचं राहिलं असतं. दुरुस्ती वेगळी झाली: सॉकेट काढायची ओळ उचलून तपासणीच्या खाली नेली.