सीटीएक्सच्या सकाळी चहा नको

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा टी-स्कोअर उणे २.७, म्हणजे हाडं ठिसूळ; रक्तातलं कॅल्शियम मात्र नॉर्मल. पाळी थांबलेल्या बाईच्या फाइलीत हे दोन कागद एकत्र दिसले की घरचे गोंधळतात. पण रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर सांभाळतं, वेळ आली तर हाडातून काढून. त्यामुळे तो आकडा हाडाबद्दल फारसं काही सांगत नाही.

हाड सतत खणलं जातं आणि भरलं जातं. एका जागचं खणणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-चार महिने लागतात. पाळी थांबून इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलं की एकाच वेळी अनेक जागी खणणं सुरू होतं आणि भरणं मागे पडतं. खणताना रक्तात येणारा कोलॅजनचा (हाडातल्या प्रथिनाचा) तुकडा म्हणजे सीटीएक्स. नवं कोलॅजन रचताना सुटणारा पी१एनपी. रक्त तपासून मिळणाऱ्या या दोन आकड्यांवरून झिजेचा वेग कळतो, ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ झाल्याचं) निदान होत नाही. त्याला डेक्साच लागतं. (शिबिरात टाचेवर करतात ती तपासणी म्हणजे डेक्सा नव्हे.)

या रक्ततपासण्यांचा खरा उपयोग हाडांची झीज रोखणारी गोळी लागू पडतेय का हे बघायला. ॲलेंड्रोनेट या अशा गोळीचा परिणाम डेक्सात दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात. सीटीएक्स तीन महिन्यांत उतरतं. गोळी सुरू करण्यापूर्वीचा आकडा मात्र हाताशी हवा. किरकोळ घट धरायची नाही: २०१७च्या शिफारशीनुसार सीटीएक्स ५६ टक्क्यांहून, पी१एनपी ३८ टक्क्यांहून जास्त उतरायला हवं.

घोळ होतो नमुन्यात. सीटीएक्स पहाटे सर्वात जास्त असतं, दुपारी सर्वात कमी, आणि पोटात काही गेलं की आणखी उतरतं. निफाडहून थंडीत एसटीने निघालेली बाई नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरून चहा-बिस्किट घेते आणि अकराला रक्त देते. रिपोर्ट उगाचच चांगला येतो. रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी, सकाळी साडेसात ते दहाच्या आत रक्त, जांभळ्या झाकणाची नळी; पुढच्या खेपेला तीच लॅब, तीच वेळ. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर आधी सांगावं, काही यंत्रांवर त्याने आकडा खोटा कमी येतो. वर्षभरात हाड मोडलं असेल किंवा मूत्रपिंड अधू असेल तर उलट, वाढलेला दिसतो.

आता गोळीचं. ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. दुधाच्या चहाबरोबर घेतली तर आतडं ती जवळजवळ शोषतच नाही. म्हणजे चहासोबत घेतलेली गोळी वाया जाते, आणि चहा पिऊन दिलेलं रक्त ती लागू पडल्याचं दाखवतं. सीटीएक्स उतरलं नाही म्हणून औषध बदलण्याआधी, आणि उतरलं म्हणून खूश होण्याआधीही, त्या सकाळी काय-काय पोटात गेलं ते विचारावं.