शोधपत्रक आणि बातमी: फोटो तोच, काम वेगळं

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेलेल्या माणसाला तो आवाज आठवत असेल. सासनकाठ्या नाचतायत, गुलालात माणूस माणसाला ओळखत नाही, आणि मध्येच कर्ण्यावरून कुणीतरी सांगतंय: सहा वर्षांचा मुलगा हरवलाय, नाव अमुक, अंगात पिवळा शर्ट, कुणाला दिसला तर पोलीस मदत केंद्रापाशी आणावा. पिवळा शर्ट म्हटल्यावर आजूबाजूचे हसतात, कारण त्या दिवशी डोंगरावर सगळ्यांचेच शर्ट गुलाबी असतात. थोड्या वेळाने पोरगं सापडतं. आई आधी एक रट्टा देते, मग उचलून घेते. कर्णा दुसऱ्या पोराकडे वळतो आणि पहिल्याचं नाव पुन्हा कुणी घेत नाही.

हरवलेल्या मुलाची प्रसिद्धी कशी करावी, याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही. नाव कामापुरतं घेतलं आणि काम झाल्यावर सोडून दिलं.

इथं कोल्हापुरात एका दैनिकात मी काही वर्षं रात्रपाळीला उपसंपादक होतो. बेपत्ता मुलाचा विषय आला की टेबलावर दोन कागद यायचे, एक पोलीस ठाण्याचा आणि दुसरा आमच्या बातमीदाराचा. दोन्हींना तोच पासपोर्ट फोटो, शाळेसाठी काढलेला, केस तेल लावून चापून बसवलेले. वाचकाला दोन्ही एकच वाटतात. फोटो पेपरात आला म्हणजे शोध जोरात सुरू झाला, असं घरच्यांनाही वाटतं. पण पहिला कागद शोधपत्रक असतो आणि दुसरा बातमी. मूल घरी यावं म्हणून पहिला लिहिलेला असतो. दुसरा वाचला जावा म्हणून.

भाषाच बघा. शोधपत्रकात असतं: वय ११ वर्षे, रंग गहूवर्ण, चेहरा उभट, अंगाने सडपातळ, अंगात निळा हाफ शर्ट, पायात स्लिपर, मराठी व कन्नड बोलतो. या रुक्ष ओळींना आम्ही डेस्कवर हसायचो. पण 'कन्नड बोलतो' हे दोन शब्द निपाणीच्या एसटीतल्या कंडक्टरला जेवढे उपयोगी आहेत, तेवढं आमचं अख्खं पान नसायचं. शेवटी ठाण्याचा नंबर आणि तपास अंमलदाराचं पद, संपलं. बातमीत जागा कमी पडली की आधी हेच वर्णन कापलं जातं. मी स्वतः कापलंय. त्या जागी 'चिमुकला', 'परिसरात खळबळ', 'आईचा आक्रोश'. आक्रोश वाचून कुणाला मूल ओळखता येत नाही.

आता 'अपहरण' या शब्दाकडे येऊ. सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे.

'चोवीस तास वाट बघा, येतंय की पोरगं,' असं ठाण्यात ऐकून परत आलेले आईबाप मला भेटलेत. मुलांच्या बाबतीत असे चोवीस तास कायद्यात नाहीत. बचपन बचाओ आंदोलन या मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगून ठेवलंय की मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की त्याला पळवून नेलंय किंवा ते तस्करीत सापडलंय असं गृहीत धरायचं, लगेच गुन्हा नोंदवायचा, आणि चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो, हा घटनापीठाचा निकालही त्याच वर्षी नोव्हेंबरातला, आणि त्याचंही मूळ एका बेपत्ता अल्पवयीन मुलीच्या वडिलांच्या तक्रारीत आहे. (वकील मंडळी तो निकाल त्या मुलीच्याच नावाने ओळखतात. मी ते नाव इथं लिहीत नाही. का, ते पुढे येईल.) हद्द आमची नाही, हे कारणही आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते.

म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलाची नुसती 'मिसिंग' नोंदवून भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली, म्हणजे जुन्या ३६३ च्या जागी आलेल्या कलमाखाली, गुन्हा दाखल होतो. फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं: अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले. ते वाक्य काय घडलं ते सांगत नाही, कायद्याने काय धरून चालायचं ते सांगतं. मार्क कमी पडले म्हणून इचलकरंजीला मावशीकडे जाऊन बसलेलं पोरगंही कागदावर 'पळवून नेलेलं'च असतं. हे गृहीतक पोलिसांना पहिल्या तासापासून पळायला लावण्यासाठी आहे. बातमीदार तेच वाक्य उचलतो, मथळा होतो 'शाळकरी मुलाचे अपहरण', आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर फुगेवाल्याला लोक नाव-गाव विचारायला लागतात.

कोल्हापुरात हा शब्द आधीच जड आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचं प्रकरण १९९६ साली उघडकीला आलं, तेव्हा मी शाळेत होतो. वेगवेगळ्या शहरांतून मुलं उचलायची, चोऱ्यांसाठी वापरायची आणि अडचण झाली की मारायची, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. २००१ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर फार उशीर झाला म्हणून जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. त्या काळात आमच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर एकही पोर बाहेर दिसत नसे. त्या भीतीला आधार होता. पण तीच भीती आता मोबाईलवर आयती मिळते, आणि त्याचे परिणाम आपण पाहिलेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरकडे निघालेल्या साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. लवंगा आपल्यापासून काही फार लांब नाही.

पोलीस बोलत नाहीत, ही पत्रकारांची कायमची तक्रार. माझीही होती. तपासात काही गोष्टी मुद्दाम हातच्या राखलेल्या असतात: मुलाच्या खिशात काय होतं, अंगावर खूण कुठे आहे. उद्या कुणी 'पोरगं माझ्याकडे आहे, पैसे द्या' म्हणून फोन केला, तर तो खरा की फुकटा, हे त्याच गोष्टीवरून कळतं. ती छापून आली की चाचणीच गेली. एलसीबीची, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेची, गाडी कुठल्या गावाकडे गेली, ही बातमी तर ज्याने मूल नेलंय तोही वाचतो.

पण गप्प राहण्याचेही दोन प्रकार आहेत आणि ठाण्यातली माणसं ते सर्रास एकत्र करतात. पत्रकारांशी गप्प राहणं तपासाचा भाग असू शकतं. आईबापांशी गप्प राहणं नुसता उर्मटपणा असतो. फिर्यादीला तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत कळवणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नव्वद दिवस ही शेवटची मुदत आहे, पहिला फोन करायचा मुहूर्त नव्हे. घरच्यांना कुणी काही सांगत नाही, मग ते पेपरच्या ऑफिसात येतात. निम्म्या बातम्या अशाच जन्मतात.

पोलीस पूर्ण गप्प आणि प्रसिद्धी पूर्ण मोकाट, असं झालं तर काय होतं, हे पोर्तुगालमध्ये जगाने पाहिलं. ३ मे २००७ च्या रात्री प्राया दा लूझ इथे सुट्टीवर आलेल्या ब्रिटिश कुटुंबातली मॅडेलिन मॅककॅन ही चार वर्षांचीही न झालेली मुलगी खोलीतून नाहीशी झाली. तिकडे तपासाच्या गुप्ततेचा कायदा कडक, पोलिसांना जाहीर बोलायची सोय नाही. वार्ताहरांचा मात्र तळ पडलेला, आणि त्यांना रोज काहीतरी पाठवायचंय. आईबापांनी मुलीचा फोटो जगभर पोचवला, तिच्या डोळ्यातली खूणसुद्धा. मग मोरोक्कोत दिसली, बेल्जियममध्ये दिसली, अशा खबरा येत राहिल्या आणि त्या तपासत बसावं लागलं. सप्टेंबरात पोलिसांनी आईबापांनाच संशयित ठरवलं आणि पुढच्या जुलैत तो शिक्का काढला. मधल्या काळात ब्रिटिश पेपरांनी इतकं रचून छापलं होतं की मार्च २००८ मध्ये एक्स्प्रेस समूहाला पहिल्या पानावर माफी मागून साडेपाच लाख पौंड द्यावे लागले. संशयित म्हणून ज्याच्यावर रकाने भरले होते त्या तिथल्या एका रहिवाशाला अनेक पेपरांनी मिळून सहा लाख पौंड दिले. इतकी प्रसिद्धी क्वचितच कुठल्या मुलाला मिळाली असेल. मुलगी सापडलेली नाही.

अमेरिकेत १९९६ नंतर आलेली अँबर अलर्टची, म्हणजे पळवलेल्या मुलाची खबर एकाच वेळी सगळ्यांना देण्याची, पद्धत मात्र प्रसिद्धीला आवर घालूनच चालते. हरवलेल्या प्रत्येक मुलासाठी भोंगा वाजत नाही. पळवून नेल्याची पोलिसांना खात्री हवी, जीवाला धोका हवा आणि सांगण्याजोगं वर्णन हवं. सारखा वाजणारा भोंगा कुणी ऐकत नाही, हे त्यांना कळलं होतं.

आता फोटोकडे. आपल्याकडे शोधपत्रकाला नियमांचाच आधार आहे. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत पोलिसांनी मुलाचा अलीकडचा फोटो घ्यावा, बेपत्ता मुलांच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरावी आणि फोटो माध्यमांकडे द्यावा, असंच सांगितलंय. पण त्याच कायद्याचं कलम ७४ म्हणतं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, दाखवायचं नाही. संपर्काची इतर साधनंही त्यात आली, म्हणजे तुमचा-माझा व्हॉट्सॲपही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ आणखी पुढे जातं, त्यात शेजारसुद्धा सांगायला बंदी आहे. आमच्याकडे ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण नाव न छापता 'मंगळवार पेठेत अमुक तालमीजवळ राहणारी, सातवीत शिकणारी' एवढं लिहिलं की पेठेत घर दाखवायला कुणाला विचारावं लागत नाही. जम्मूतल्या कठुआच्या बलात्कार-खुनाच्या प्रकरणात मुलीची ओळख उघड केली म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले.

म्हणजे सकाळी जो फोटो जास्तीत जास्त लोकांनी पाहावा अशी सगळ्यांची इच्छा असते, तोच फोटो मूल सापडल्यावर दाखवणं गुन्हा ठरू शकतं. शोधपत्रकाची मुदत तिथं संपते. बातमीची भूक मात्र तिथंच वाढते: कुठं होता, कुणी नेलं, काय केलं? आणि खेदाने सांगतो, पहिली चूक बऱ्याचदा पोलिसांकडूनच होते. अधिकारी ओळीत उभे, मध्ये मूल, मागे ठाण्याची पाटी, खाली 'अवघ्या काही तासांत शोध'. कामगिरी खरी असते, कौतुक व्हायलाही हवं. पण त्या फोटोत मुलाचं काय काम?

रस्त्यात सापडलेल्या मुलाचंही असंच होतं. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, रडणारं पोर दिसलं की भला माणूस आधी फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. मूल त्याच्यासोबत आहे हे अख्ख्या जिल्ह्याला कळतं, 'मी त्याचा मामा' म्हणणाऱ्यालाही. कायद्याने करायचं ते सोपं आहे: १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) ला फोन, नाहीतर जवळचं ठाणं, तेही चोवीस तासांच्या आत. कुणाच्या ताब्यात द्यायचं ते बालकल्याण समिती ठरवते.

शोधपत्रक पुढे पाठवायला हरकत नाही. त्यावर ठाण्याचं नाव, तारीख आणि ठाण्याचा नंबर आहे ना, एवढं बघा. नुसता मोबाईल नंबर आणि 'जास्तीत जास्त शेअर करा' असेल, तर आधी ठाण्यात फोन करा.

आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा असाच गेला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिरज स्टेशनवर सापडला. सापडल्याचा निरोप गल्लीतल्या ग्रुपपलीकडे गेला नाही. फोटो मात्र गडहिंग्लज, बेळगाव, सोलापूर असा फिरत राहिला. तीन वर्षांनी, त्याला मिसरूड फुटलेलं असताना, वर्गातल्या एकाने मोबाईल त्याच्यापुढे धरला: "हा तूच की रे? अजून सापडला न्हाईस व्हय?" त्या आठवड्यात तो शाळेत गेला नाही.