पिकोस दे युरोपाला निघण्याआधी: कारेसच्या वाटेवर गाडी कुठे भेटेल?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आम्हाला पोन्सेबोसला सोडा. आम्ही दरीतून चालत काईनला पोचतो, बाराच किलोमीटर तर आहे. ड्रायव्हरला तेवढं पलीकडे यायला सांगा."

उत्तर स्पेनमधल्या पिकोस दे युरोपाची सहल आमच्याकडे ठरवणाऱ्या मंडळींकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी हे पत्रक छापायचं ठरवलं. सांगणारी माणसं बहुतेक सह्याद्रीत मुरलेली असतात. राजगड ते तोरणा एका दमात चाललेल्यांच्या पायांबद्दल आम्हाला शंका नाही. अडतं ते गाडीपाशी.

पोन्सेबोस डोंगराच्या उत्तरेला, अस्तुरियासमध्ये. काईन दक्षिणेला, लिओनमध्ये. मधे कारेस नदीने कापलेली घळ आणि दोन्ही अंगांना दोन हजार मीटरच्या वर गेलेली चुनखडीची शिखरं. घळीतून पायवाट आहे, रस्ता नाही. त्यामुळे तुम्ही १२ किलोमीटर चालता तेव्हा गाडीला अख्ख्या डोंगराला वळसा घालून यावं लागतं. हा वळसा शंभर किलोमीटरच्या वरचा आहे. खिंडी, वळणं, आणि काईनच्या आधीचा शेवटचा टप्पा तर असा अरुंद की समोरून वाहन आलं की एकाने मागे घ्यायचं. कुठेही न थांबता दोन ते अडीच तास धरा.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर नाणेघाटाचं. वैशाखऱ्याहून घाट चढून तुम्ही जुन्नरच्या बाजूला निघता, पण गाडीला माळशेजवरून फिरून यावं लागतं. घाटवाटा करणाऱ्या प्रत्येकाने हे गणित कधी ना कधी सोडवलेलं असतं. युरोपात मात्र ते डोक्यातून जातं, कारण फोनवरच्या नकाशात पोन्सेबोस आणि काईन ही दोन नावं अगदी शेजारी दिसतात. नकाशात चालण्याचं अंतर बघितलंत की लगेच गाडीचं चिन्ह दाबून तेही अंतर बघा. एवढं केलंत तरी आमचे निम्मे फोन वाचतील.

एका वर्षी ठाण्याचा सहा जणांचा गट होता. कार्यक्रमात कारेसची अर्धी वाट जाऊन परत येणं ठरलं होतं. सकाळी पोन्सेबोसला पोचल्यावर मंडळींना हुरूप आला. ड्रायव्हर स्थानिक, त्याला इंग्रजी बेताचं. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता, ह्यांना वाटलं तो यायला कंटाळतोय. शेवटी तो गाडी घेऊन काईनकडे निघाला. इकडे पाच किलोमीटरवर दोघा ज्येष्ठांना खोल दरी बघून गरगरायला लागलं, म्हणून ते माघारी फिरले आणि दुपारी पोन्सेबोसला उतरले. गाडी नाही. जॅकेट, पैसे, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं गाडीतल्या बॅगेत. चौघे काईनला, गाडी काईनला, हॉटेल उत्तरेच्या बाजूच्या आरेनास गावात, आणि हे दोघे रस्त्याकडेच्या बाकावर. घळीत मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे कोण कुठे आहे ते कुणालाच कळेना. सगळे एकत्र आले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. आमच्या छापील कार्यक्रमात हा मुद्दा तेव्हा स्पष्ट लिहिलेला नव्हता. आता असतो, पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत.

मग करायचं काय?

कारेस तीन प्रकारे करता येते. आम्ही तिन्ही करून देतो, पण कुठला प्रकार ते आदल्या रात्रीपर्यंत पक्कं करावं लागतं.

पहिला, पूर्ण जाऊन पूर्ण परत. म्हणजे २४ किलोमीटर. सवयीच्या माणसाला सहा-सात तास, जेवण आणि फोटो धरून आठ. गाडी पोन्सेबोसलाच उभी राहते.

दुसरा, काईनकडून तीन-चार किलोमीटर आत जाऊन परत. हा प्रकार लोक फारसा मागत नाहीत, आणि आम्ही मात्र तोच आवर्जून सुचवतो. घळ सर्वांत अरुंद काईनच्याच बाजूला आहे. ठिबकणाऱ्या पाण्याचे ओलसर बोगदे, बोलिनचा पूल, लॉस रेबेकोसचा पूल, सगळं ह्या पट्ट्यात येतं आणि वाट जवळजवळ सपाट. आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर डोळे झाकून हाच घ्या.

तिसरा, आरपार. पोन्सेबोसला उतरायचं, काईनला चढायचं. यात ड्रायव्हरचा पूर्ण दिवस जातो, म्हणून आम्ही 'गाडी-दिवस' वेगळा लावतो. त्यावरून कुरकुर होते हे माहीत आहे. पण तुम्ही चालत असताना गाडी उभी नसते, ती शंभरावर किलोमीटर पळत असते, आणि तुम्हाला घेतल्यावर मुक्काम उत्तरेला असेल तर तितकीच परत. ह्याचसाठी आरपार घेणाऱ्यांचा त्या रात्रीचा मुक्काम आम्ही दक्षिणेला किंवा वळशाच्या रस्त्यावरच्या पोतेस गावात टाकतो. परतीचा वळसा वाचतो आणि दरही उतरतो.

वाट कशी आहे

ही वाट गुराख्यांनी पाडलेली नाही, वीज कंपनीने पाडली. काईनला नदीचं पाणी अडवून ते कड्याच्या पोटातून कालव्याने पोन्सेबोसजवळच्या वीजकेंद्रावर सोडायचं, असं काम १९१६ ते १९२१ या काळात झालं. पुढे कालव्याच्या देखभालीसाठी १९४५ ते १९५० च्या दरम्यान सध्याची पायवाट कातळात खोदली गेली. कालव्याला उतार अगदी थोडा लागतो, म्हणून त्याच्या जोडीने जाणारी वाटही बराच वेळ एका पातळीत राहते. खाली नदी मात्र खोल खोल जात राहते. ठिकठिकाणी कालवा उघडा आहे. कडक उन्हात चालताना अचानक गार वाऱ्याची झुळूक पायाला लागते आणि शेजारून काचेसारखं स्वच्छ पाणी आवाज न करता सरकताना दिसतं.

चढ आहे तो पोन्सेबोसच्या बाजूला, पहिल्या दोन-अडीच किलोमीटरांत. सकाळी ताज्या पायांनी तो जाणवत नाही. पण परतीला हाच तुकडा उतरायचा असतो, घसाऱ्यावरून, दुपारच्या उन्हात, वीस-बावीस किलोमीटर झाल्यावर. गुडघे बोलतात ते इथे. काठी न्या. वाट साधारण दीड मीटर रुंद, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघताना ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी तसं आधीच सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आम्ही त्यांच्यासाठी दुसरा कार्यक्रम लावतो.

वरून दगड येतात. पावसानंतर आणि जोराच्या वाऱ्यात जास्त, कधीकधी वर चरणाऱ्या बकऱ्यांच्या पायानेही. म्हणून कड्याखाली फोटोसाठी घोळका करून उभं राहू नका. दरड आली की वाट काही काळ बंदही ठेवतात. मधे पाणी विकत मिळत नाही, माणशी दोन लिटर सोबत हवं.

आम्ही सकाळी आठला चालायला लावतो, यावरूनही तक्रार येते. "जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, मग घाई कशाला?" उजेड असतो हे खरं. पण दहानंतर वाटेवर गर्दी होते आणि दीड मीटरच्या वाटेवर समोरून येणाऱ्या घोळक्याला बाजू देताना दरीकडची बाजू कुणाला तरी घ्यावी लागते. शिवाय हा डोंगर समुद्रापासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. कोकणातून ढग घाटमाथ्यावर चढतात तसे कांताब्रियन समुद्रावरचे ढग इथे चढतात, आणि स्वच्छ सकाळ दुपारी पांढरी होते.

वळशाचा रस्ता वाया जात नाही

काही जण गाडी-दिवस म्हणजे फुकट गेलेला दिवस समजतात आणि कार्यक्रमातून काढायला सांगतात. आम्ही तो काढत नाही, आणि का ते सांगतो. ह्या भागातला इतिहास पायवाटेवर थोडा आहे, वळशाच्या रस्त्यावर जास्त.

आरेनासहून पानेसमार्गे दक्षिणेला वळलं की ला एर्मिदाची घळ सुरू होते. देवा नदीच्या काठाने वीस किलोमीटरच्या वर हा रस्ता कड्यांच्या मधून जातो. ह्याच घळीत लेबेन्या नावाचं छोटं गाव आणि दहाव्या शतकातलं सांता मारियाचं चर्च. बाहेरून साधं, आत गेलात की घोड्याच्या नालासारख्या कमानी. मुस्लिम राजवटीत राहिलेल्या ख्रिस्ती कारागिरांची ही शैली आहे. दक्षिणेकडची कमान उत्तरेच्या डोंगरात कशी आली, ह्याचं उत्तर तिथे उभं राहिल्यावर मिळतं. चर्च लहान आहे, वीस मिनिटांत बघून होतं, पण आमचे लोक तासभर बाहेर पडत नाहीत.

पुढे पोतेस, लिएबाना खोऱ्यातलं बाजाराचं गाव, मधोमध इन्फान्तादोचा चौकोनी बुरूज. तिथून तीनेक किलोमीटरवर सांतो तोरिबियोचा मठ. येशूच्या क्रुसाचा सर्वांत मोठा शिल्लक तुकडा इथे आहे अशी श्रद्धा आहे. आठव्या शतकात बेआतो नावाच्या भिक्षूने ह्याच खोऱ्यात बायबलच्या शेवटच्या ग्रंथावर भाष्य लिहिलं आणि पुढची काही शतकं स्पेनभर त्याच्या रंगीत चित्रांच्या प्रती निघत राहिल्या. १६ एप्रिलला रविवार आला की इथे पवित्र वर्ष सुरू होतं आणि क्षमेचं दार उघडतं. २०२३ साली ते झालं, आता २०२८ साली. त्या वर्षी यायचं मनात असेल तर वर्षभर आधी कळवा, पोतेसमध्ये खोल्या मोजक्याच आहेत.

पोतेसहून फुएन्ते देची केबल कार. १९६६ पासून चालू आहे, एका झेपेत ७५३ मीटर चढते. वारा वाढला की बंद, आणि ऑगस्टमध्ये रांग फार मोठी असते. म्हणून पहिल्या फेऱ्यांना पोचता येईल असाच मुक्काम आम्ही ठेवतो.

काईनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नारान्हो दे बुल्नेस, २५१९ मीटरचा उभा सुळका, ज्यावर कुणी चढलं नव्हतं. ५ ऑगस्ट १९०४ रोजी तो सर झाला. चढणारे दोघे: पेद्रो पिदाल नावाचे सरदार आणि काईनचा डोंगरी माणूस ग्रेगोरिओ पेरेस. ह्याच पिदाल यांच्या खटपटीतून १९१८ साली कोवादोंगाच्या डोंगराला स्पेनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हवा साफ असेल तर आरेनासजवळच्या पो गावातून हा सुळका दिसतो. तिथे गाडी आम्ही थांबवतोच, वेगळं सांगावं लागत नाही.

चालू न शकणाऱ्यांसाठी

गटात कुणाला पोन्सेबोसलाच थांबायचं असेल तर दिवसभर गाडीत बसू नका. तिथूनच डोंगराच्या पोटातून बुल्नेस गावाला जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे आहे. २००१ साली ती सुरू होईपर्यंत ह्या गावाला फक्त पायी जाता येत असे. गाडीचा रस्ता आजही नाही. सात मिनिटांत वर, तिथे दगडी घरं, ओढा आणि दुपारचं जेवण. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं, इकडे चण्याच्या किंवा घेवड्याच्या रश्शातही डुकराचं मांस असतं. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. आम्ही स्पॅनिशमध्ये छापलेलं एक कार्ड देतो, ते वेटरच्या हातात द्यायचं.

कोवादोंगाची तळी आणि कारेस एकाच दिवशी मागू नका. हंगामात दिवसा तळ्यांपर्यंत खासगी गाड्या सोडत नाहीत, खालून बसने जावं लागतं, आणि कोवादोंगाचीच पेलायोची (अस्तुरियासच्या पहिल्या राजाची) गुहा घाईत बघायची जागा नाही.

दर विचारायला फोन कराल तेव्हा चार गोष्टी हाताशी ठेवा: किती जण, सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचं वय, उंचीची भीती कुणाला आहे का, आणि कारेसचा कुठला प्रकार हवा. आरपार हवी असेल तर औषधं आणि जॅकेट गाडीत राहणार नाहीत, प्रत्येकाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये असतील, हे कबूल करूनच आम्ही नोंदणी घेतो.