लिंडाऊला जायचंय? आधी नामांकन, मग अर्ज

जर्मनीत बोडनसे तळ्याच्या काठी लिंडाऊ हे छोटं शहर आहे. नोबेल विजेत्यांच्या बैठका तिथे १९५१ पासून भरतात. तीस-चाळीस विजेते, जगभरातले सुमारे ६०० तरुण संशोधक आणि जेमतेम आठवडा. व्याख्यानं असतातच, पण खरी कमाई त्यानंतरची. आठ-दहा जणांनी एखाद्या विजेत्याबरोबर फिरायला जायचं, नाहीतर एका टेबलावर जेवायला बसायचं आणि आपल्या संशोधनाच्या गाईडसमोर जे विचारायला जीभ रेटत नाही ते विचारून घ्यायचं. 'दोन वर्षं प्रयोग फसतोय, विषय सोडू का?' वगैरे.

वय ३५ च्या आत हवं. विद्यार्थी, पीएचडी करणारे आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या जागेवर संशोधन करणारे) चालतात. पीएचडी होऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर नाही. कायम प्राध्यापकी मिळालेल्यांसाठी आणि एकदा जाऊन आलेल्यांसाठी ही बैठक नाही. बैठकीचा विषय पाळीपाळीने बदलतो: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, अधूनमधून तिन्ही एकत्र. तुमच्या विषयाचं वर्ष कधी येतं आणि तेव्हा तुमचं वय किती असेल, हा हिशेब आधी करा.

लोक अडतात ते नामांकनापाशी. बहुतेकांची वाट लिंडाऊच्या एखाद्या भागीदार संस्थेमार्फत जाते. संस्था नाव सुचवते, मग उमेदवाराने ऑनलाइन अर्ज भरायचा आणि निवड लिंडाऊची समिती करते. म्हणजे नामांकन झालं की पेढे वाटायचे नाहीत. भारतात २००१ पासून केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि जर्मनीची डीएफजी (संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था) यांनी मिळून ही वाट चालवली. विमानभाडं इकडून, तिथला खर्च तिकडून. शिवाय बैठकीनंतर जर्मनीतल्या काही संशोधन संस्थांची भेट. त्या-त्या वर्षीची सूचना विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. हालचाल आदल्या वर्षीचा पावसाळा सरतानाच सुरू करावी लागते.

कागद फार नाहीत: सीव्ही, प्रकाशनांची यादी, संशोधनाचा सारांश, मोटिव्हेशन लेटर (का जायचंय ते सांगणारं पत्र), शिफारसपत्रं. त्यातलं शिफारसपत्र आपल्याकडे हमखास कच्चं राहतं. 'उमेदवार कष्टाळू, प्रामाणिक व आज्ञाधारक आहे' हे वाचून परीक्षकाला काय कळणार? गाईडला अर्धं पान टिपण द्या: कोणती अडचण तुम्ही स्वतः सोडवली, कोणता आलेख तुमचा. पत्र त्यांनीच लिहायचं, पण आठवण आपण करून द्यायची. मोटिव्हेशन लेटरमध्येही 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' नको. काय विचारायचंय ते लिहा.

निवड झाली की शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा व्हिसा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. एक गंमत नावाची. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, शोधनिबंधावर आपण ते गाळतो आणि अर्जात तिसरंच काहीतरी भरतो. निमंत्रणपत्रावर तेच नाव छापून येतं आणि मग व्हिसाच्या खिडकीवर 'हे तुम्हीच का?' इथून सुरुवात. अर्जातलं नाव पासपोर्ट समोर ठेवून, अक्षरन् अक्षर बघून भरा.