चमचाभर हवा आणि ब्रेकचं पेडल

गाडीला नवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) बसवला, चारही चाकांचे निप्पल (हवा काढायचे छोटे स्क्रू) उघडून हवा काढली, बाटलीभर ब्रेक ऑइल संपलं, तरी पेडल मऊच. अशा वेळी पहिला संशय नव्या सिलिंडरवर जातो: माल डुप्लिकेट असणार. कधी तसं असतंही. पण बरेचदा माल चांगला असतो. हवा मात्र सिलिंडरच्या पोटातच बसलेली असते, ती चाकांपर्यंत पोचलेलीच नसते.

सुई नसलेली सिरिंज पाण्याने भरा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या ढकला. तो हलत नाही. आता पाण्याऐवजी नुसती हवा ठेवून ढकला. दट्ट्या बराच आत जातो आणि सोडला की उसळून मागे येतो. मऊ पेडल म्हणजे हीच उसळी.

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापला गेला. त्याच्या जोरावर 1921 च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या अमेरिकी मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक मिळाले. ब्रेकमध्ये हवा शिरली की दाब पोचतच नाही, असं सांगितलं जातं. ते तितकंसं बरोबर नाही. दाब हवेतूनही पोचतो. हवा खाते ती पेडलची चाल.

हिशेब करून बघू. पायाचा जोर 30 किलो आणि पेडलची तरफ पाचपट धरली, तर पिस्टनवर 150 किलो येतात. पिस्टनचा व्यास 20 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 3.14 चौरस सेंटिमीटर. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 48 किलो, तोही बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची, मदत न धरता. एवढ्या दाबाखाली 1 घन सेंटिमीटर हवेचा जेमतेम पन्नासावा भाग उरतो. मोकळी झालेली जागा भरायला पिस्टन 3 मिलिमीटर जास्त सरकतो आणि पेडल दीड सेंटिमीटर जास्त खाली जातं. चहाच्या चमच्यात मावेल एवढी, म्हणजे 5 घन सेंटिमीटर हवा आत असेल, तर 8 सेंटिमीटर चाल फुकट गेली. मग ब्रेक लागायच्या आधीच पेडल तळाला टेकू शकतं.

नवा सिलिंडर कोरडा येतो, म्हणजे हवेनेच भरलेला. बऱ्याच गाड्यांत तो किंचित तिरका बसतो आणि त्याचं वरचं टोक बंद असतं. हवा तिथे जाऊन बसते, ऑइल तिच्या खालून निघून जातं. पेडल दाबलं की ती आक्रसते, सोडलं की पसरते, पण जागा सोडत नाही. चाकाशी कितीही ऑइल काढा, तिला फरक पडत नाही.

म्हणून सिलिंडर गाडीला लावायच्या आधीच त्याची हवा काढायची. कानाला, म्हणजे गाडीला बोल्टने बसवायच्या पट्टीला धरून तो व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आडवा, सपाट पकडायचा. नळीचा भाग आवळायचा नाही, नाहीतर आतलं भोक चेपतं. दोन्ही आउटलेटना छोटे पाइप लावून त्यांची टोकं सिलिंडरवरच्या टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायची. टोकं बुडलेली नसतील तर पिस्टन मागे येताना हवाच ओढली जाईल आणि सगळी मेहनत पाण्यात. मग बोथट दांड्याने पिस्टन सावकाश आत ढकलायचा, सावकाश सोडायचा, मध्ये थोडं थांबायचं. घाई केली की ऑइल घुसळून बारीक फेस होतो आणि ते बुडबुडे वर यायला फार वेळ घेतात. इथे माझ्या मते कौशल्यापेक्षा धीर जास्त लागतो. टाकीत एकही बुडबुडा येईनासा झाला की पाइप काढून तोंडं बुचांनी बंद करायची. आता ढकलून पाहिलं तर पिस्टन अगदी थोडा हलून दगडासारखा अडतो.

गाडीवर चढवल्यावर चाकांची हवा काढावी लागतेच, कारण पाइप जोडताना थोडी हवा शिरते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचा, आणि तो बंद होईपर्यंत पेडल सोडायचं नाही. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीत सहसा डावं मागचं चाक सर्वांत लांब, म्हणून सुरुवात तिथून करतात. पण कर्णात विभागलेल्या ब्रेकमध्ये (एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक अशी जोडी) क्रम वेगळा असू शकतो, मॅन्युअल पाहावं. मध्येच टाकी रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरू.

भरभर पंप मारल्यावर पेडल कडक आणि थोड्या वेळाने परत मऊ झालं, तर बहुधा हवा आहे. पाय स्थिर ठेवूनही ते हळूहळू खाली सरकत असेल, तर ती हवा नव्हे. सिलिंडरमधलं रबरी सील दाब सोडतंय किंवा बाहेर कुठेतरी गळतंय.

काढलेलं ऑइल परत ओतू नये. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: कोरडं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण 3.7 टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा 155 वर येते. आंबेनळीसारखा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरताना ही मर्यादा ओलांडली, तर पाइपात वाफ होते. आणि वाफही हवेसारखीच दबते.