मेंदूचा हिवताप

प्लाझमोडियम फाल्सिपेरम या परजीवीच्या हिवतापात रुग्ण बेशुद्ध झाला आणि बेशुद्धीचे दुसरे कारण सापडले नाही, तर त्याला मेंदूचा हिवताप किंवा सेरेब्रल मलेरिया म्हणतात. फेफऱ्याच्या झटक्यानंतर काही वेळ शुद्ध हरपतेच, म्हणून तासाभराहून अधिक टिकलेली बेशुद्धीच यात धरतात. परजीवीग्रस्त तांबड्या पेशी मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून रक्तप्रवाह अडवतात.

तो किती आढळतो, हे मोजणी कुठे झाली यावर ठरते. आशा कार्यकर्तीने गावातच पहिल्या दिवशी तपासलेल्या रुग्णांत तो विरळा. नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांत मात्र गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यातून पुढे पाठवलेले, आधीच अवघड झालेले रुग्ण येतात. तिथे प्रमाण मोठे दिसणारच. वॉर्डातील टक्केवारी जिल्ह्याला लावणे ही घोडचूक आहे.

उपचाराविना बहुतेक रुग्ण दगावतात; चांगल्या उपचारांनंतरही साधारण 15 ते 20 टक्के. मूत्रपिंड निकामी होणे किंवा रक्तातील आम्लता वाढणे याची जोड मिळाली की धोका झपाट्याने वाढतो. वाचलेल्या काही मुलांना फेफरे, लुळेपणा किंवा शिकण्यातील अडचणी मागे उरतात. आशियात झालेल्या व 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गंभीर हिवतापाचे क्विनीन हे जुने औषध घेतलेले 22 टक्के, तर आर्टेसुनेट हे औषध घेतलेले 15 टक्के रुग्ण दगावले. म्हणून शिरेतून आर्टेसुनेट हाच पहिला उपाय: वजनाच्या किलोमागे 2.4 मिलिग्रॅम, 20 किलोखालील मुलांना 3 मिलिग्रॅम. दाखल होताच, मग 12 व 24 तासांनी, पुढे रोज एकदा. पावडर आधी सोबतच्या सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवून मगच सलाईन किंवा 5 टक्के डेक्स्ट्रोज मिसळावे आणि लगेच द्यावे. तयार औषध ठेवून देऊ नये. किमान 24 तासांनी, रुग्ण गिळू लागल्यावर, तोंडाने आर्टेमिसिनिन-संयुक्त उपचाराचा (आर्टेमिसिनिन गटातील औषध व त्याच्या जोडीला दुसरे औषध) पूर्ण कोर्स द्यावा.

चुका ठरलेल्या आहेत. रक्तातील साखर न तपासणे ही सर्वांत घातक, कारण साखर उतरल्याची बेशुद्धी अगदी अशीच दिसते, आणि क्विनीनने साखर आणखी उतरते. सलाईन भरमसाट दिल्यास फुफ्फुसात पाणी साचते. डेक्सामेथासोन व मॅनिटॉलचा उपयोग नाही. उलट बेशुद्धी लांबू शकते. पेशी केशवाहिन्यांत अडकल्याने रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी कमी दिसतात, म्हणून पहिली काचपट्टी निगेटिव्ह आली तरी 6 ते 12 तासांनी पुन्हा रक्त तपासावे.

विदर्भात निदानाची आणखी एक अडचण आहे. 1965 साली नागपूर भागात चांदीपुरा विषाणू सापडला. तो, जपानी मेंदूज्वर आणि स्क्रब टायफस हेही ताप व बेशुद्धीनेच येतात. मेंदूज्वराचा संशय असल्यास, निषिद्ध कारण नसेल तर, पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासावे. पण त्यासाठी आर्टेसुनेट थांबवू नये.