क्रिप्टिक शब्दकोडे : शोधसूत्रांची रचना

क्रिप्टिक शब्दकोड्यातील प्रत्येक शोधसूत्र (बोलताना ‘क्लू’) उत्तराकडे दोन वाटांनी नेते. एक वाट अर्थाची : सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो. दुसरी वाट अक्षरांची : उरलेल्या शब्दांत उत्तराची अक्षरे कशी जुळवायची याची कृती दडलेली असते. शेवटी कंसात अक्षरसंख्या येते. मुंबईतील मराठी दैनिकांत छापली जाणारी शब्दकोडी बहुतांशी पहिल्याच वाटेची, म्हणजे समानार्थी शब्द आणि सामान्य ज्ञानाची असतात. क्रिप्टिक प्रकार इथल्या वाचकाला प्रामुख्याने इंग्रजी वृत्तपत्रांतून भेटतो. तरीही हा खेळ मराठीला परका म्हणता येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात अभंग (शब्द न तोडता) आणि सभंग (शब्द तोडून) साधलेला श्लेष शिकलेल्या वाचकाला त्याची निम्मी तयारी शाळेतच मिळालेली असते.

आधुनिक शब्दकोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये प्रसिद्ध केले. क्रिप्टिक वळण मात्र ब्रिटनमध्ये मिळाले. एडवर्ड पॉइस मॅथर्स १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचू लागले. १९३९मध्ये त्यांचे निधन झाल्यावर डी. एस. मॅकनट यांनी ‘झिमेनेस’ या नावाने ती जागा घेतली. दोन्ही टोपणनावे स्पॅनिश धर्मन्यायपीठाच्या प्रमुखांची आहेत. टॉर्केमाडांची सूत्रे पुष्कळदा मनस्वी असत. झिमेनेस यांनी खेळाला शिस्त लावली आणि १९६६च्या पुस्तकात ती मांडली. सूत्रात व्याख्या हवी, अचूक कृती हवी आणि तिसरे काहीही नको, असा या शिस्तीचा सारांश आहे. त्याआधी, १९४९मध्ये, ‘आफ्रिट’ या कोडेकाराने पायाभूत नियम सांगितला होता. जे म्हटले तेच अभिप्रेत असावे असे बंधन कोडेकारावर नाही. जे अभिप्रेत आहे ते मात्र त्याने म्हटलेलेच असले पाहिजे. फसवणूक आणि प्रामाणिकपणा एकाच वाक्यात नांदवण्याची ही अट या कलेचा गाभा आहे.

सर्वात साधा प्रकार दुहेरी व्याख्येचा. ‘महापालिकेला द्यावा लागणारा हात (२)’ याचे उत्तर ‘कर’. वाचकाच्या डोक्यात मदतीचा हात येतो, आणि कोडेकाराला तेच हवे असते. ‘म्हातारपण? थोडंसंच (२)’ याचे उत्तर ‘जरा’. इथे मराठीची एक खास सोय कामी येते. ‘ज’ आणि ‘च’ यांचे दोन उच्चार एकाच चिन्हाने लिहिले जातात, त्यामुळे कानाला वेगळे वाटणारे दोन शब्द कागदावर एकच दिसतात.

सभंग प्रकारात उत्तराचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र अर्थ देतात. ‘औषध नलगे मजला’ हे सभंग श्लेषाचे ठरलेले उदाहरण याच जातीचे आहे. ‘न लगे’ असे तोडले तर औषध नको, ‘नल गे’ असे तोडले तर नलराजा हेच औषध. कोड्यात हेच तंत्र असे उतरते : ‘पत्रिकेतला मुलगा, पावाचा सोबती, दोघांचा मिळून फराळ (३)’. लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी ‘चि.’ असते, पावाचा सोबती वडा, म्हणून उत्तर ‘चिवडा’. इंग्रजी कोडेकाराकडे एका अक्षराच्या संक्षेपांचा मोठा साठा असतो. मराठीत तो तोकडा आहे. ‘चि.’, ‘सौ.’, ‘ता.’ यांच्या जोडीला सप्तकाचे सूर घेतले की बरीच भर पडते. मध्यमाला धैवत जोडला की मध मिळतो.

उलटवण्याचा प्रकार मराठीत फार सुरेख जमतो, कारण उलटते ते मात्रेसह संपूर्ण अक्षर. ‘नेहमी उलटं वागणारा चाकर (२)’ : नेहमी म्हणजे ‘सदा’, तो उलटला की ‘दास’. ‘रामाला भाला मारा’सारखी दोन्हीकडून सारखी वाचली जाणारी वाक्ये मुले पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आली आहेत. मात्र ‘तो कवी डालडा विकतो’ हे कानाला चालणारे वाक्य कोड्यात अडते, कारण ‘वी’ आणि ‘वि’ ही चौकटीतली दोन वेगळी घरे आहेत. आडवा शब्द ऱ्हस्व मागतो आणि उभा दीर्घ, अशी गाठ पडली तर सूट न घेता शब्दच बदलावा, हे बरे.

अक्षरांची उलटापालट हा इंग्रजी क्रिप्टिकचा कणा आहे, मराठीत ते दुय्यम साधन ठरते. ‘कमल विस्कटून हाती आली लेखणी (३)’ याचे उत्तर ‘कलम’. ‘विस्कटून’ हा शब्द पुन्हा मांडणी करायला सांगतो. पण मराठी शब्द दोन-चार घरांत संपतात आणि मात्रा अक्षराला चिकटलेली राहते, त्यामुळे भेसळीला जागा कमी उरते. सोडवणारा लगेच पोहोचतो.

खरी कसोटी विभक्तीची आहे, आणि मराठीत सूत्र रचणाऱ्याचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. ‘कापूस सापडला, त्यात दडलेला भित्रा प्राणी (२)’ या सूत्रात ‘ससा’ लागोपाठच्या दोन शब्दांच्या सांध्यावर बसला आहे. हेच ‘कापसात सापडला’ असे लिहिले तर ससा नाहीसा होतो. सामान्यरूपाने ‘पू’चा ‘प’ आणि ‘स’चा ‘सा’ केला आणि मध्ये ‘त’ घुसला. म्हणून लपवायचा मजकूर मूळ रूपात ठेवून ‘त्यात’सारखे सर्वनाम मागून जोडावे लागते. ज्या शब्दांचे सामान्यरूप बदलत नाही ते कोडेकाराला सोन्यासारखे. ‘बारमध्ये जा, मंडई सापडेल (३)’ : ‘बार’ या शब्दाच्या पोटात ‘जा’ घातला की ‘बाजार’. ‘मध्ये’ लागूनही ‘बार’ जसाच्या तसा राहिला, म्हणून हे सूत्र उभे राहते.

लिंगही असाच पेच घालते. पश्चिम रेल्वेवर ‘खार आलं’ म्हणतात, झाडावर मात्र ‘खार आली’. दोन्ही अर्थांना एकच क्रियापद लावले की एक अर्थ व्याकरणात खोटा पडतो. त्यावर उपाय क्रियापद गाळण्याचा : ‘वांद्र्यापुढच्या स्टेशनाला झुपकेदार शेपटी (२)’. झिमेनेसचा काटेकोर अनुयायी इथे दोन स्वच्छ व्याख्या मागेल. पण वाचून गंमत वाटावी हेही सूत्राचे काम आहे आणि अशा एखाद्या ढिलाईला मराठीत जागा असावी.

रचनेचा नेहमीचा क्रम चौकट, मग शब्द, मग सूत्रे असा असतो. ब्रिटिश चौकट सहसा १५ बाय १५ घरांची असते आणि १८० अंशांत फिरवली तरी काळी घरे तशीच दिसतात. मराठीत जोडाक्षर आणि मात्रा मिळून एकच घर लागते, म्हणून तेवढ्याच चौकटीत शब्दांची संख्या खूप वाढते. लहान चौकट सोयीची. स्थानिक संदर्भ वापरताना मुंबईच्या कोडेकाराने नागपूरचा किंवा कोल्हापूरचा वाचकही धरायला हवा. व्हीटीचे, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकाचे, नाव १९९६मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. जुन्या संक्षेपावर बेतलेले सूत्र तरुण सोडवणाऱ्याला बंद दारासारखे वाटू शकते. खारचे सूत्र या बाबतीत सुरक्षित आहे. ज्याला वांद्र्यापुढे कोणते स्टेशन लागते ते ठाऊक नाही, त्याला शेपटीवरूनही उत्तर गाठता येते.